पूर ओसरल्यावर मळीच्या रानात आणि माळावर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी मळीच्या रानात, म्हणजे नदीच्या गाळाच्या जमिनीत, दोन एकर ऊस आहे. त्यातल्या एका एकरात जुलैमध्ये आडसाली (पावसाळ्यात लावायचा, दीड वर्षाचा ऊस) लावण केली होती, दुसऱ्या एकरात पुरुषभर उंचीचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस). दोन्ही आठवडाभर पाण्याखाली होते. वर माळाला २० गुंठे ऊस आहे, गेल्या नोव्हेंबरातली लावण, त्याला काही झालेलं नाही. दारात दोन म्हशी, सोसायटीचं पीक कर्ज डोक्यावर. ‘संकटात संधी शोध’ असं जो तो सांगतोय, तर गाडा टाकू, पोल्ट्री घालू की आणखी काही करू?

गाडा आणि पोल्ट्री दोन्ही आत्ता बाजूला ठेवा. पुरानंतर दोन-तीन महिने गावात रोख पैसा फिरत नाही. ज्याच्याशिवाय भागतं ते कोणी विकत घेत नाही, आणि घेतलंच तर उधारीवर. पोल्ट्रीला शेड, पक्षी, खाद्य असा सगळा पैसा आधी घालावा लागतो आणि धंदा शिकण्यात पहिल्या दोन बॅच जातात. कर्जाचा हप्ता तोंडावर असताना नवा धंदा शिकत बसायला सवड नसते. सध्या एवढंच बघा: आसपासच्या शेतकऱ्याला दीड-दोन महिन्यांनी हमखास काय लागणार आहे, आणि त्यातलं काय तुमच्याकडे आजच आहे?

तुमच्याकडे आहे ते म्हणजे माळावरचं ९ महिन्यांचं, न बुडालेलं बेणं, म्हणजे नव्या लावणीसाठी कापायचा ऊस.

२०१९ चा पूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला, २०२१ चा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. आडसाली लावणीचा काळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट, म्हणजे पूर येतो तो नेमका लावणीच्या तोंडावर. मळीतली कोवळी लावण मरते आणि जे बेणं म्हणून राखलेलं असतं तेही बुडतं. मग ज्याची लावण विरळ झाली त्याला सप्टेंबरात नांग्या (न उगवलेल्या मोकळ्या जागा) भरायला रोपं लागतात, आणि ज्याची पूर्ण गेली त्याला १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या पूर्वहंगामी लावणीसाठी. चिखली, आंबेवाडीपासून खाली शिरोळपर्यंत मागणी एकाच वेळी उठते आणि चांगलं बेणं फक्त माळाला उरतं. तुमची संधी इतकीच आहे. ती लहान आहे आणि तारखेला बांधलेली आहे. ऑक्टोबर अर्ध्यावर गेल्यावर रोपवाटिका सुरू केली तर रोपं डिसेंबरात तयार होतील, आणि थंडीत लावलेल्या रोपाला फुटवा उशिरा येतो म्हणून गिऱ्हाईक हात आखडतं.

पण त्याआधी बुडालेल्या रानाकडे बघा. तिथलं नुकसान वेळेत थांबवलं नाही तर रोपांचे पैसे तिकडेच जिरतील.

पहिलं काम पंचनाम्याचं. शासकीय मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. शेतात ३ इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल तर गाळ काढण्याची मदत वेगळ्या सदराखाली येते. ही दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. पंचनाम्याला कोणी यायच्या आधीच रान साफ करू नका. गाळात मोजपट्टी उभी करून, मागे शेताची ओळख पटेल असा बांध किंवा विहीर येईल अशा बेताने फोटो काढा. मोबाईलमध्ये जागा आणि तारीख उमटणारा कॅमेरा लावला तर उत्तम. ई-पीक पाहणीत ऊस नोंदला आहे का ते बघा. खोडव्याच्या जागी नोंदीत दुसरंच पीक लागलेलं असेल तर तलाठ्याकडे आताच दुरुस्ती मागा. कर्जाच्या पुनर्गठनाचा (हप्ते नव्याने बांधून घ्यायचा) विषय निघाला तर सही करण्याआधी सोसायटीत सचिवाला एकच विचारा: पुनर्गठन घेतलं तर व्याज सवलतीचं काय होतं आणि पुढच्या हंगामाला नवं कर्ज किती मिळतं? हे कळल्याशिवाय सही नको.

आता आडसाली. महिन्याभराची लावण आठवडाभर पाण्याखाली राहिली की तिचा कोंब बहुधा कुजतो. तरी अंदाजावर जाऊ नका, सरीत दहा ठिकाणी हाताने माती उकरून कांडीचा डोळा (जिथून कोंब फुटतो तो) बघा. कोंब ओढल्यावर सहज निघून आला आणि बुडाला आंबूस वास आला तर मेला. दहातले सहा-सात जिवंत असतील तर नांग्या भरून लावण वाचते. त्याहून कमी असतील तर मोडा. अर्धवट मेलेल्या लावणीवर वर्ष-दीड वर्ष खत-पाणी घालणं हे या जिल्ह्यातलं पुरानंतरचं सगळ्यात महागडं दुखणं आहे. खर्च पूर्ण एकराचा होतो आणि वजन अर्ध्याचं मिळतं.

मोडल्यावर रान नोव्हेंबरपर्यंत मोकळं ठेवायचं नाही. वाफसा (चिखल नाही आणि कोरडीही नाही, अशी मातीची ओल) आल्याशिवाय मात्र ट्रॅक्टर आत घालू नका. ओल्या गाळात चाक गेलं की खाली घट्ट थर बसतो आणि पुढची दोन वर्षं पाणी मुरत नाही. आधी उताराच्या बाजूला फूट-दीड फूट खोल चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. गाळाचा थर आणि जुनी माती यांचे दोन वेगळे पापुद्रे राहिले तर मुळ्या वरच्याच थरात फिरतात, म्हणून वाफशावर नांगरट करून दोन्ही मिसळून घ्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरता आला तर एकरी २० ते २४ किलो बी पुरे. ४५ दिवसांनी, फुलं धरायच्या आत गाडायचा, म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. कुजायला तीन आठवडे मिळतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात रोपं लावता येतात. ताग फुलावर आला की खोड चिवट होतं, लवकर कुजत नाही आणि कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतं. मग रोपं पिवळी पडतात आणि लोक दोष रोपवाटिकेला देतात.

त्यातलेच ६-७ गुंठे म्हशींच्या मक्याला द्या. पुरानंतर वैरणीचा भाव चढतो आणि दूध घटतं, तिथे आधी गळती होते. दोन म्हशींना दिवसाला ५० किलो हिरवी वैरण धरली तर दोन महिन्यांना ३ टन. आफ्रिकन टॉल मका गुंठ्याला अर्धा टन सहज देतो. बी एकरी ३० किलोच्या हिशेबाने ५ किलोपर्यंत लागेल. साधारण ६० दिवसांनी, तुरा पडून कणसात दाणा भरू लागला की कापायचा. लष्करी अळीवर लक्ष ठेवा, पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या पानांत) भुसा दिसला की आली असं समजा. वैरणीच्या मक्यावर औषध मारलं तर त्या औषधाचा प्रतीक्षा काळ संपेपर्यंत जनावराला घालू नका. आत्ताची वेळ वाड्यावर (उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर) काढायची असेल तर गाळाने माखलेले वाडे धुऊन घाला. वाड्यातल्या ऑक्झॅलेटमुळे जनावराच्या अंगी कॅल्शियम लागत नाही, म्हणून रोज खनिज मिश्रण द्या. नुसत्या वाड्यावर ठेवलेली म्हैस महिन्याभरात दुधाला उतरते.

खोडव्याचं गणित निराळं. उंच उसाचा शेंडा पाण्याबाहेर राहिला असेल तर तो बहुतेक तगतो. शेंडा बुडाला आणि पोंग्यात गाळ बसला तर वाढीचा कोंब कुजतो. पाणी उतरल्यावर लगेच कळत नाही, आठ-दहा दिवस थांबा. मग पाच ठिकाणचे दहा-दहा ऊस घेऊन शेंडा उभा चिरून बघा. आतला गाभा पांढरा आणि टणक असेल तर जिवंत. तपकिरी, बुळबुळीत असेल आणि मधलं पान ओढताच हातात आलं तर मेलेला. मेलेल्या शेंड्याच्या उसाला खालच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात, कांड्यांवर मुळ्या सुटतात. बघणाऱ्याला ऊस हिरवा दिसतो, पण पांगशा वाढतात त्या कांड्यातल्या साखरेवर. पुढे दशी पडते (कांडं आतून पोकळ होतं) आणि वजन उतरतं.

जिवंत ऊस किती उरला ते मोजण्यासाठी सरीत १० फूट दोरी धरा. साडेचार फुटी सरीत एकरात सुमारे ९,६८० फूट लांबीची सरी बसते. १० फुटांत ४० ऊस असतील तर एकरी ३८-४० हजार ऊस, म्हणजे भरलेलं रान. २० भरले तर एकरी १९ हजारांच्या आसपास. एका उसाचं वजन सव्वा किलो धरलं तर २४ टनांपर्यंत. त्यावर अजून खत घालायचं की नाही हे या आकड्यावर ठरवा. ऊस निम्म्याहून जास्त जिवंत असेल तर वाफसा आल्यावर एकरी एक पोतं युरिया आणि २५ किलो पोटॅश द्या. पानं पिवळी-पांढरी पडून केवडा दिसला तर १०० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम फेरस सल्फेटची फवारणी. शेंड्याची पानं चुरगळून वेडीवाकडी होऊ लागली तर तो पोक्का बोईंग रोग, त्याला कार्बेन्डॅझिम लिटरला १ ग्रॅम. पुरुषभर उसात पंप घेऊन शिरणं अवघड असतं. गावात ड्रोनवाला असेल तर औषधाचं प्रमाण त्याच्या टाकीच्या हिशेबाने त्याच्याकडूनच ठरवून घ्या. हाताच्या पंपाचं प्रमाण ड्रोनला चालत नाही.

निम्म्याहून जास्त शेंडे मेले असतील तर खतावर रुपया घालू नका. साखर कारखान्याच्या गट ऑफिसला आत्ताच लेखी अर्ज द्या: बुडीत ऊस, गट नंबर, क्षेत्र, फोटो, आणि पहिल्या तोडीची मागणी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. चिटबॉयला (कारखान्याच्या शेतावर फिरणाऱ्या माणसाला) तोंडी सांगून ठेवलेलं नोव्हेंबरात कोणाच्या लक्षात राहत नाही. दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर) ठरतो, त्यामुळे तुमच्या उसाची साखर घटली म्हणून तुमचा दर वेगळा कापला जात नाही. वजन घटतं ते मात्र पूर्ण तुमच्या अंगावर पडतं. म्हणून तोड जितकी लवकर तितकं बरं. हा ऊस तुटल्यावर निडवा (खोडव्याचा पुन्हा खोडवा) राखू नका, गड्डे आतून कुजलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत ‘सुरू’ हंगामाची नवी लावण करा.

असा ऊस गुऱ्हाळाला द्यावा का, हेही विचारलं जातं. शेंडा मेलेल्या उसात साखरेचं विघटन झालेलं असतं. त्याच्या गुळाला कणी धरत नाही, रवा (गुळाची ढेप) मऊ पडून पाझरतो आणि मार्केट यार्डात भाव पडतो. काकवीला कणी नको असते, त्यामुळे तिकडे तो काही प्रमाणात चालतो. काकवी साधारण १०५-१०६ अंशांवर उतरवायची आणि साखर बसू नये म्हणून किलोला ४०० मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल घालायचं. पण फुटलेला, आंबलेला किंवा सांडपाणी मिसळलेल्या पुरात उभा राहिलेला ऊस खाण्याच्या पदार्थात वापरू नका. शहराच्या खालच्या अंगाला नदीत काय काय मिसळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचा खोडवा त्यात मोडत असेल तर तो कारखान्यालाच जाऊ दे.

आता रोपवाटिका. एका एकरात किती रोपं बसतात इथून हिशेब सुरू करा. साडेचार फूट सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवलं तर ४,८४० रोपं. नांग्यांसाठी जास्तीची धरून एकरी ५,२००. उगवण ८५ टक्के धरली तर त्यासाठी ६,१०० डोळे. ९-१० महिन्यांच्या चांगल्या उसाचा बुडाकडचा तिसरा हिस्सा सोडला तर कामाचे १२-१४ डोळे मिळतात, म्हणजे एकराला ४७० ऊस. भरलेल्या रानात गुंठ्याला हजाराच्या आसपास ऊस असतात. थोडक्यात, एक गुंठा बेण्यातून दोन एकराची रोपं होतात.

तुम्ही पहिल्या वर्षी दोन बॅच घ्या, जास्त नको. पहिली नांग्यांसाठी: ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रेमध्ये डोळे भरायचे, ८ हजार रोपं सप्टेंबरच्या शेवटी तयार. दुसरी २० सप्टेंबरच्या सुमारास: ३५ हजार रोपं, त्यातली ५ हजार तुमच्याच मोडलेल्या एकरासाठी, बाकी विक्रीला. मिळून ५० हजारांवर डोळे लागतील, त्याला ४ गुंठे पुरतात. ५ गुंठे राखून ठेवा. या ५ गुंठ्यांतला साधारण ५ टन ऊस कारखान्याला जायचा राहणार आहे. त्याची किंमत रोपांच्या खर्चात धरा. घरचं बेणं फुकट असं धरून रोपाचा दर काढणारे नफा झाला म्हणून खूश असतात आणि उसाच्या बिलात तेवढंच कमी येतं.

बेण्याचं रान आधी फिरून बघा. काणी रोगाचा चाबूक (शेंड्यातून निघणारा काळा पट्टा) किंवा गवताळ वाढीचा रोग दिसलेलं बेट आणि त्याच्या आजूबाजूचं घेऊ नका. तुमची माळावरची लावण पहिलीच आहे हे बरं, खोडव्याचं बेणं या कामाला वापरायचं नाही. कारखान्याच्या किंवा ऊस संशोधन केंद्राच्या पायाभूत बेण्यापासून ती लावण झाली असेल तर त्याची पावती जपून ठेवा, गिऱ्हाईक विचारतं. बुडालेला ऊस स्वस्तात देणारेही भेटतील. त्याचे डोळे पाण्यात फुगून अर्धवट फुटलेले असतात, ट्रेमध्ये निम्मे उगवत नाहीत. उगवले तरी रोग तुमच्या नावावर पसरतो.

ऊस तोडल्या दिवशीच डोळे काढा. बेणं दोन दिवस पडून राहिलं की सुकतं आणि उगवण घसरते. डोळे काढायच्या मशीनने डोळ्याच्या वर-खाली मिळून दीड इंचाची कांडी ठेवा. नुसता डोळ्याचा चिपटा काढला तर वाहतुकीला हलका पडतो, पण त्यात अन्नसाठा कमी राहतो आणि पावसाळी हवेत लवकर कुजतो. मग बेणेप्रक्रिया: १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम आणि ३०० मिलि मॅलॅथिऑन, त्यात १० ते १५ मिनिटं. निथळू द्या. नंतर १०० लिटर पाण्यात १० किलो अॅसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू, त्यात अर्धा तास. हा क्रम उलटा केला किंवा दोन्ही एकाच पिंपात ओतलं तर बुरशीनाशकाने जिवाणू मरतात. पहिल्या प्रक्रियेला हातमोजे घाला, आणि उरलेलं पाणी विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला ओतू नका.

कोकोपीट धुतलेलं घ्या. स्वस्त कोकोपीटमध्ये क्षार जास्त असतात, त्यात कोंब येतो पण मुळीचं टोक करपतं. खात्री नसेल तर भिजवून पाणी दोनदा काढून टाका. ओल किती हवी? मूठ घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर जास्त. ५० कप्प्यांच्या ट्रेमध्ये कप्पा निम्मा भरा, डोळा वरच्या अंगाला येईल अशी कांडी थोडी तिरकी ठेवा आणि वरून झाका. दुसऱ्या बॅचला सुमारे ८२० ट्रे लागतील. मोकळ्या मांडणीला वाटा धरून पावणेदोन गुंठे जागा लागते.

भरलेले ट्रे लगेच पसरायचे नाहीत. १५-२० ट्रेंची थप्पी लावा, सगळ्यात वर एक रिकामा ट्रे उपडा ठेवा आणि प्लॅस्टिकच्या कागदाने चारी बाजूंनी गुंडाळा. आतल्या उबेने ४ ते ६ दिवसांत पांढरी मुळी आणि कोंबाचं टोक दिसतं. चौथ्या दिवसापासून रोज थप्पीच्या मधला एक ट्रे काढून बघायचा. नवखा माणूस हमखास इथेच चुकतो. एक दिवस उशीर झाला की कोंब अंधारात पिवळे आणि लांब होतात, पसरल्यावर आडवे पडतात आणि सावरत नाहीत.

पसरायला ५० टक्के सावलीची जाळी आणि तिच्यावर पावसासाठी प्लॅस्टिक टाकता येईल असा बांबूचा मांडव करा. सप्टेंबरात कोल्हापूरचा पाऊस गेलेला नसतो. जाळी पाऊस अडवत नाही, आणि सततच्या थेंबांनी कोकोपीट वाहून डोळे उघडे पडतात. ट्रे जमिनीवर टेकवून ठेवले तर मुळ्या खाली मातीत शिरतात आणि उचलताना तुटतात, खाली कागद अंथरा. पाणी झारीने, कोकोपीटचा वरचा थर सुकलेला दिसला तरच. पहिल्या दोन आठवड्यांत रोपं मरतात ती बहुतेक जास्त पाण्याने. दोन-तीन पानं आल्यावर १९:१९:१९ विद्राव्य खत १०० लिटरला अर्धा किलो, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. शेवटचा आठवडा जाळी काढून उन्हात ठेवा, नाहीतर शेतात गेल्यावर रोप माना टाकतं.

रोप ३५ ते ४५ दिवसांत द्यावं. द्यायच्या आधी पानांचे शेंडे तिसरा हिस्सा कापा आणि आदल्या दिवशी पाणी बेताने द्या, म्हणजे कोकोपीटचा गोळा न फुटता रोप निघतं. गिऱ्हाइकाला तोंडी सांगा: सरी ओली करून लावायचं, कांडी मातीत पूर्ण गाडली जाईल इतकंच खोल, बाजूने दाबून हवा काढायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकं पाणी. खोल गाडलेलं रोप फुटवे कमी देतं आणि तक्रार तुमच्याकडे येते.

विक्री आधी, भरणी नंतर. डोळे भरण्यापूर्वी वहीत नाव, क्षेत्र, तारीख आणि दराच्या एक तृतीयांश रक्कम घ्या. आगाऊ रक्कम न देता ‘माझी दहा हजार धरा’ म्हणणाऱ्यांतले कितीतरी जण नंतर कारखान्याची उधारीची रोपं घेतात. आपल्या कारखान्याकडून उधारीवर रोपं मिळतात का, कोणत्या जातीची, कधी, हे आधी विचारून घ्या. तिथे को ८६०३२ जातीची उधारी असेल तर रोखीने तेच रोप विकणं जड जाईल. दर काढताना बेणं, ट्रे, कोकोपीट, मजुरी, जाळी-मांडव आणि वाहतूक यांची बेरीज करा आणि तिला विकल्या जाणाऱ्या रोपांनी भागा. भरलेल्या डोळ्यांनी भागू नका. ट्रेचा खर्च तीन बॅचवर वाटला तरी चालतो. टंचाई बघून दर दुप्पट लावायचा मोह होईल. ज्यांना तुम्ही विकणार ते सगळे दहा-बारा गावांतले, पुढच्या वर्षी रस्त्यात भेटणारे आहेत, आणि पैसे बुडवायला त्यांना चढा दर हेच निमित्त पुरतं.

लोखंडी शेडनेट हाऊस उभारू नका. पूर न आलेल्या वर्षी मागणी निम्म्यावर येते, आणि एकाचं चाललेलं बघून दुसऱ्या वर्षी त्याच रस्त्यावर चार रोपवाटिका उघडतात. बांबू, भाड्याची जागा, शक्य तर वापरलेले ट्रे, एवढ्यावर पहिली दोन वर्षं काढा. मागणी टिकली तर मग कर्जाचं बघा.

घरात कोणाला मोटरीचं काम येत असेल तर तेही याच दोन महिन्यांचं आहे. नदीकाठच्या शेतीपंपांच्या मोटरी पुराआधी वर काढतात, ज्यांच्या राहिल्या त्या गाळाने भरतात. स्वच्छ पाण्याने धुवून, उघडून, १००-२०० वॅटचे बल्ब लावलेल्या बंद पेटीत दिवस-दोन दिवस वाळवायच्या आणि ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग व बॉडी यांमधला रोध तपासायचा. तो १ मेगाओहमच्या खाली असेल तर वीज जोडू नका. आणखी वाळवा, तरीही चढला नाही तर रिवाइंडिंग. बेअरिंगमध्ये गाळ गेलेला असतो, ती बदलायचीच. मेगर न लावता ‘चालू करून बघू’ म्हणण्यात मोटर जळते, आणि ओल्या रानात माणूसही जातो.

मळीच्या रानात इथून पुढे आडसाली लावू नका, एवढं माझं स्पष्ट मत आहे. जुलैत लावलेला ऊस पुराच्या वेळी वीतभर असतो. नोव्हेंबरात रोपाने लावलेला पूर्वहंगामी ऊस पुढच्या जुलैअखेर ८ महिन्यांचा, सहा-सात फूट असतो आणि पाणी आलं तरी शेंडा वर राहण्याची शक्यता बरीच वाढते. दोन सऱ्यांमध्ये हरभरा किंवा कोबी घेतला तर पहिल्या चार महिन्यांत हाती काही पैसे येतात. गिऱ्हाइकांनाही हेच सांगा, कारण ज्याची आडसाली वर्षाआड बुडते तो रोपांचे पैसे कशातून देणार?

शेवटी काही रोपं शिल्लक राहतीलच. ५० दिवसांच्या पुढे कप्प्यात मुळ्या गुंडाळून गोल होतात आणि असं रोप शेतात महिनाभर तसंच बसतं. म्हणून ४५ व्या दिवशी मोजणी करा. ज्यांनी आगाऊ दिलं आणि आले नाहीत त्यांना फोन करा, दोन दिवस वाट बघा, मग उरलेली रोपं नांग्या भरणाऱ्यांना कमी दरात द्या. ज्या ५ गुंठ्यांतून बेणं काढलं तिथला खोडवाही काही ठिकाणी विरळ फुटला असेल, त्यातली तुटाळ याच रोपांनी भरून घ्या.